उदबत्तीच्या काडीची डोलकाठी

श्रोतेहो, नमस्कार. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. तिची प्रतिकृती मी नाशिकमध्ये, जेवणाच्या टेबलावर, एकास शंभर या प्रमाणात बांधली. एकास शंभर म्हणजे नौकेचा एक मीटर आपल्याकडे एक सेंटिमीटर. त्यामुळे तोफांचा सुमारे ४६ मीटरांचा मजला ४६ सेंटिमीटरांत बसतो आणि पाच सेंटिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरवर येतो.

सांगाडा प्लायचा, त्यावर सुताराकडच्या सागाच्या पातळ पट्ट्या, शिडे खळ दिलेल्या मलमलीची आणि तोफा रिफिलच्या पितळी टोकांच्या. (तयार तोफा विकत मिळतात, परंतु तांबट आळी असलेल्या गावात त्या आणणे मला कमीपणाचे वाटते.) लाकडाला लाकूड फेव्हिकॉलने धरते, लाकडाला धातू धरायला मात्र इपॉक्सीच लागते. पुन्हा सांगतो, धातूला इपॉक्सी.

डोलकाठीचा सर्वांत वरचा तुकडा म्हणून मी उदबत्तीची काडी लावली. तिला पुढून ताणणारे दोर सुती होते. ते संपल्यावर मागचे दोर मी मासेमारीच्या नायलॉनचे बांधले. मे महिन्याच्या कोरड्या हवेत सारे सरळ दिसत होते. जुलैमध्ये गोदावरीला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले ते पाहून आम्ही भिजून घरी आलो, तेव्हा ती काडी धनुष्यासारखी पुढे वाकलेली होती. मी प्लायला दोष दिला, डिंकाला दोष दिला, सुताराला तर फोनही लावला. आजीने जवळ येऊन पुढचा दोर बोटाने टिचकावला आणि म्हणाली, “अरे, बाजेवर पाणी सांडलं की सुताची दोरी कशी करकचते, ते विसरलास का? दोरी आखडली आहे तुझी.”

तिचे खरे होते. पिळाचे सूत ओल शोषून फुगते, त्याची जाडी वाढते आणि लांबी घटते. नायलॉन मात्र दमट हवेत आखडण्याऐवजी किंचित सैलावतो. पुढून ओढ वाढली, मागून सुटली, आणि मध्ये सापडली ती काडी. म्हणून पुन्हा सांगतो: एका डोलकाठीला एकाच जातीचा दोर बांधावा, आणि तो पॉलिएस्टरचा असावा. माझे सगळे दोर कापून नव्याने बांधेपर्यंत श्रावण संपला होता.