ऑइल फिल्टर कुठला घेऊ? आधी आतलं रबर बघा!

नमस्कार मंडळी! मागचा व्हिडिओ एअर फिल्टरवर होता आणि खाली निम्म्या कमेंट काय, तर "दादा, ऑइल फिल्टर कुठल्या कंपनीचा घेऊ?" बरं बाबांनो, आज होऊनच जाऊ दे.

बेसिक पटकन उरकतो. ऑइल बदललं की फिल्टर बदलायचाच, एकाआड एक वगैरे नाही. फिल्टरच्या तोंडाच्या रबरी रिंगला (पॅकिंगला) बोटाने ऑइल लावायचं, हाताने आवळायचा, पान्याने जोर काढायचा नाही. आणि तो "पेट्रोलने धुऊन परत लावला तर?" विचारणारा भाऊ, शे-दीडशे रुपयांसाठी इंजिनशी का खेळतोस रे?

आता मेन गोष्ट. हा नवीन फिल्टर बघा. मधलं आट्यांचं मोठं भोक, तिथून गाळलेलं ऑइल इंजिनात जातं. भोवतीची छोटी भोकं, तिथून ऑइल आत येतं. त्या छोट्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारा. रबराची चकती दिसली? हा अँटी ड्रेन बॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद झालं की ही चकती भोकं झाकते आणि फिल्टरमधलं ऑइल उलटं चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसलेला असेल तर सगळी भिस्त हिच्यावर, आणि स्वस्त फिल्टरमध्ये काटकसर नेमकी इथेच करतात.

चकती निकामी झाली की रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी स्टार्टर मारला की पंप आधी डबा भरत बसतो आणि तेवढा वेळ वरचा कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), त्याला फिरवणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनर सगळे कोरडे. दोन-तीन सेकंद खडखड येते ना, ती हीच.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीला सेम आवाज, गॅरेजवाला म्हणे टायमिंग चेन बदलावी लागेल. मी म्हटलं काका थांबा, आधी ओरिजिनल फिल्टर टाकून बघू. टाकला, दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज गायब. प्रत्येक खडखड फिल्टरचीच असते असं नाही हां, पण इतक्या स्वस्तात खात्री होत असेल तर आधी ती करा.

अजून पटत नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला जुना फिल्टर मागून घ्या आणि छोट्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने चकती दाबा. मऊ असेल तर ठीक, प्लास्टिकसारखी कडक लागली तर ती कधीच कामातून गेलेली. साधं नायट्राइल रबर उष्णतेने असं कडक होत जातं, सिलिकॉन जास्त टिकतं. सिलिकॉन बहुतेक वेळा केशरी किंवा लाल असतं, पण रंग काय कुठल्याही रबराला देता येतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. माझं मत विचाराल तर ५ हजार किलोमीटरला ऑइल बदलणारे असाल तर चांगलं नायट्राइल पुरतं, १० हजार किलोमीटर चालवणार असाल तर सिलिकॉनच घ्या.

"जड फिल्टर म्हणजे भारी ना दादा?" नाही हो, जाड पत्र्यानेही वजन वाढतं! "२० मायक्रॉन" बघूनही लगेच खूश होऊ नका (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कचऱ्याच्या कणाचं माप). २० मायक्रॉनचे किती टक्के कण अडतात ते लिहिलंय का? ५० टक्के अडवणारा आणि ९९ टक्के अडवणारा, दोघंही डब्यावर २० लिहू शकतात. बॉक्सवर आयएसओ ४५४८-१२ या टेस्टचा (फिल्टर किती कण अडवतो हे मोजणारी आंतरराष्ट्रीय टेस्ट) आकडा दिला असेल तर त्याला अर्थ आहे.

आणि "आटे बसले म्हणजे फिल्टर बसला" हे डोक्यातून काढा प्लीज. फिल्टर तुंबला तर ऑइलला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह कुणाचा १ बार दाबाच्या आसपास उघडतो, कुणाचा अडीच बारला. म्हणून पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

ब्रँड म्हणाल तर गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल, नाहीतर बॉश, माले, मान यांचा त्याच गाडीसाठी दिलेला नंबर. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं, फक्त डुप्लिकेटपासून सांभाळा: बॉक्सवरचा आणि डब्यावरचा नंबर ताडून बघा, होलोग्राम बघा, पक्कं बिल घ्या. आणि काउंटरवरच टॉर्च मारा. दुकानदार म्हणाला "साहेब, सगळे सारखेच असतात", तर पुढचं दुकान गाठा.

डिझेलवाले ओरडायच्या आत सांगतो, नुसता कागदी कार्ट्रिज लागणाऱ्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा हाउसिंगमध्ये असतो, म्हणजे फिल्टर बसतो त्या इंजिनावरच्या डब्यात, आणि तिथे ओ-रिंगची (सील करणाऱ्या गोल रबराची) वेगळीच भानगड आहे. तुमची गाडी त्यातली असेल तर कमेंटमध्ये मॉडेल आणि वर्ष टाका, पुढच्या व्हिडिओत एक उघडूनच दाखवतो.