आधी पुसा, मग शोधा

मंडळी, कासला फुलं आली की आमच्या गॅरेजवर एक ठरलेली तक्रार येते. "यवतेश्वरचा घाट चढलो, वर गाडी थांबवली आणि जळक्या ऑइलचा वास सुटला." गाडी खाली साताऱ्यात आणली, गावात फिरवली की वास नाही. मग माणूस म्हणतो, असेल काहीतरी, गेलं. ते गेलेलं नसतं, फक्त तापायचं थांबलेलं असतं.

घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते, इंजिनावर ओढ असते आणि वेग कमी, त्यामुळे समोरून वारा लागत नाही. सायलेन्सरचा इंजिनाला जोडलेला भाग, मॅनिफोल्ड, कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. वरून ऑइलचा एक थेंब त्यावर पडला तरी धूर होतो. गाडी चालू आहे तोवर तो धूर मागे उडून जातो. थांबली की तो वर चढतो आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून ब्लोअर तो आत ओढतो. म्हणून थांबल्यावर वास येत असेल, तर ऑइल इंजिनाच्या बाहेर गळतंय असा माझा पहिला अंदाज असतो. ऑइल आतच जळत असेल, तर सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. सकाळी स्टार्ट करताना एकच भपका आला तर व्हॉल्व्हचे सील, रेस केल्यावर सारखा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. ते दुखणं मोठं, त्यात आज शिरत नाही.

वास मात्र नीट ओळखायला हवा. ऑइलचा वास कढईत तेल करपल्यासारखा, पण जड. क्लच प्लेटचा जळक्या कागदासारखा, तो चढावर अर्धा क्लच धरून ठेवणाऱ्यांना येतो. कूलंट गळून तापलं की काकवीसारखा गुळचट वास येतो. जळक्या प्लास्टिकचा आला तर वायरिंग बघा आणि गाडी तिथंच बंद करा, त्यात थांबायला वेळ नसतो.

आता माझी एक चूक सांगतो, कारण त्या चुकीनं मला हे काम शिकवलं. वीसेक वर्षांपूर्वी कोरेगावचे एक शिक्षक गाडी घेऊन आले. वास येत होता आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत होता. मी खालून बघितलं आणि सांगून टाकलं, "सर, मागचं क्रँक सील गेलंय." गिअरबॉक्स उतरवला, क्रँकच्या दांड्याभोवतीचं ते सील बदललं, दोन दिवस गेले. चौथ्या दिवशी सर परत दारात. तोच वास, तोच थेंब. मग मी इंजिन धुतलं, कोरडं केलं, चालू ठेवलं आणि टॉर्च घेऊन वरून बघत बसलो. दहाएक मिनिटांनी टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात एक बारीक ओली रेघ चमकली. तिथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत खाली जोडापर्यंत येत होतं. कव्हरखालचं रबरी पॅकिंग कडक होऊन सुपारीसारखं झालं होतं. सरांची मजुरी मी परत दिली. तेव्हापासून इंजिन पुसल्याशिवाय मी निदान करत नाही.

ऑइल नेहमी खाली ओघळतं आणि वाऱ्यानं मागे पसरतं. म्हणून जिथं थेंब पडतो तिथं गळती असेलच असं नाही. गळती असते ती ओल्या भागातल्या सगळ्यांत वरच्या जागी. इंजिन गार असताना चिंधीनं सगळं पुसा, पाच-दहा किलोमीटर चालवून आणा, रात्री खाली पुठ्ठा अंथरा. सकाळी वरून सुरुवात करा: ऑइल भरायचं झाकण, टॅपेट कव्हरच्या कडा, मग फिल्टर, शेवटी चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, आणि त्याचा ऑइल सोडायचा ड्रेन नट. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टर काढताना सांडलेलं ऑइलच जळत असू शकतं, ते एक-दोन दिवसांत संपतं. न संपलं तर ड्रेन नटाचा वॉशर जुनाच बसवलाय का, ते विचारा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं हे कठीण काम नाही, पण घाईचंही नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. कव्हर काढलं की जुन्या पॅकिंगचा चिकटलेला चुरा खरवडून काढा, तो आत पडू देऊ नका. दोन्ही पृष्ठभाग कोरडे पाहिजेत. सिलिकॉन सगळीकडे फासू नका; कंपनीनं सांगितलेल्या जोडाच्या कोपऱ्यांवर एकेक ठिपका पुरतो. जास्त लावलेलं आत तुटून पडतं आणि ऑइलच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करत कसा. बऱ्याच छोट्या गाड्यांत 10 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो, म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नाही. जोर लावला की कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही गळतं.

पॅकिंग नवं घालूनही वर्षाच्या आत पुन्हा ओलं झालं, तर पॅकिंगला शिव्या देऊ नका. इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, बघा. तो चोंदला की आतला दाब ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. हे फार जण तपासत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं, वास येत असताना घरापर्यंत जावं का? ताई, आधी सपाट जागी गाडी बंद करा. दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल तिच्यावरच्या दोन खुणांच्या मध्ये असेल, धूर नसेल आणि ऑइलचा दिवा लागलेला नसेल, तर हळू जा. बऱ्याच गाड्यांत त्या दोन खुणांमध्ये साधारण 1 लिटरचा फरक असतो, त्या हिशेबानं भर घाला. दिवा लागला असेल तर एक फर्लांगही नाही. बॉनेटमधून ज्वाळा दिसल्या तर सगळ्यांना उतरवून लांब न्या, 112 ला फोन करा. बॉनेट उघडू नका, पाणी टाकू नका.

काम झाल्यावरही जुनं सांडलेलं जळेपर्यंत थोडा वास येईल. आठवड्यानं यवतेश्वर चढून या, टॉर्च मारा. तो मागचा कोपरा कोरडा दिसला, की खालचा पुठ्ठा उचला.