इंदूरमध्ये २०१२ चा लॅपटॉप अजून का चालतोय

[पडदा काळा. फक्त आवाज. खट्. थोडं थांबून परत खट्.]

हा आवाज बॅटरी निघाल्याचा आहे. खालच्या बाजूला एक खटका असतो, तो सरकवला की बॅटरी हातात येते, स्क्रूड्रायव्हर नको, काही नको, लहान पोरगं पण काढेल. ज्यांनी गेल्या पाच-सहा वर्षांत पहिला लॅपटॉप घेतलाय त्यांनी बहुतेक हा आवाज ऐकलेलाच नसेल, म्हणून सुरुवात इथून.

लॅपटॉप आहे लेनोव्होचा थिंकपॅड टी ४३०, मॉडेल २०१२ चं. राजेंद्र नगरात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर असतो, आणि हे जे तुम्ही ऐकताय ते त्याच्यावरच लिहिलंय, त्याच्यावरच रेकॉर्ड केलंय, एडिटिंग पण त्याच्यावरच चाललंय. स्क्रीन मागे लवंडते, दिसत असेल, म्हणून मी पाठीमागे लोणच्याची बरणी टेकवून ठेवलीये. त्याचं काय ते नंतर सांगतो.

२०१९ मध्ये हा मी सिल्व्हर मॉलमधून सेकंड हँड घेतला, ११ हजारांत. बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो, आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल म्हणजे आमच्या इंदूरचं कॉम्प्युटर मार्केट, लहान लहान गाळे, प्रत्येक काउंटरवर एक तरी लॅपटॉप पोट उघडून पडलेला. मोठ्या कंपन्यांमध्ये लीज संपली की मशीनं लॉटमध्ये निघतात आणि फिरत फिरत अशा गाळ्यांत येतात. माझ्या मशीनवर कुठल्यातरी ऑफिसचं नंबरवालं स्टिकर होतं, ते मी मुद्दाम काढलं नाही, अजून आहे.

तेव्हा त्यात ४ जीबी रॅम होती आणि चकतीवाली हार्ड डिस्क. चालू केला की चहा करून या, इतका वेळ. पहिल्या आठवड्यात एसएसडी, म्हणजे चिपांवरची डिस्क, टाकली, एवढा फरक पडला की आईला वाटलं नवा आणला. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, माझ्यासारखी साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या वर, पण खरा फरक तिथे पण नाही, खरा फरक बारीक बारीक हजारो फायली इकडून तिकडून उचलण्यात आहे, डिस्कला प्रत्येक वेळी सुई हलवावी लागते, एसएसडीत हलणारं काही नाहीच. मग रॅम ८ केली, दिवाळीनंतर १६, दोन खाचा आहेत, दोन कांड्या बसतात. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे चौकट लावून जुनी हार्ड डिस्क बसवली, तिच्यात फोटो असतात. बॅटरी दोनदा बदलली, कीबोर्ड एकदा, कारण भाच्याने ताक सांडलं. फॅन दर उन्हाळ्याआधी उघडून साफ करतो, प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारी पेस्ट बदलतो. इंदूरची मे महिन्यातली दुपार आणि माळव्याची धूळ ज्याने बघितलीये त्याला कारण सांगायला नको.

[कागदावर मशीनचं रेखाचित्र. त्यावर ठिकठिकाणी स्क्रू ठेवलेले.]

लोक विचारतात, अरे नवा का घेत नाहीस. पैशाचा भाग आहेच, खोटं कशाला बोलू. पण फक्त पैशाचा असता तर तीन वर्षांपूर्वीच घेतला असता, तेव्हा जमत होतं. गोष्ट वेगळी आहे आणि ती मला नीट सांगायचीये म्हणूनच हा व्हिडिओ.

लॅपटॉप एकदम मरत नाही हो. त्यातल्या प्रत्येक भागाचं वय वेगळं असतं. बॅटरी तीन-चार वर्षं, चार्ज-डिस्चार्जच्या काहीशे फेऱ्या झाल्या की ती दम सोडते, कोणत्याही कंपनीची असो, ती रसायनाची गोष्ट आहे. फॅनचं बेअरिंग पाच-सहा वर्षांत घरघरायला लागतं. कीबोर्ड तुमच्या बोटांवर आणि भाच्यांवर. घड्याळ आणि बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग सांभाळणारा छोटा गोल सेल, सीआर २०३२, तोच जो वजनकाट्यात असतो, तो कधीतरी संपतो. बिजागरी कशी उघडता-मिटता त्यावर. आणि मदरबोर्ड आणि प्रोसेसर, जे सगळ्यात महाग, त्यांना गरम होऊ दिलं नाही तर दहा-पंधरा वर्षं काही होत नाही. म्हणजे सगळ्यात टिकाऊ भाग सगळ्यात महाग आहे आणि जे लवकर जातात ते सगळे स्वस्तातले. आता हे सगळे भाग एकमेकांपासून सुटे असले तर ज्याचं वय झालं तो बदलायचा, बाकीचे चालू. आणि चिकटवलेले, डाग देऊन जोडलेले असले तर अख्ख्या मशीनचं वय तेवढंच जेवढं त्यातल्या सगळ्यात कमजोर भागाचं.

माझ्या ताईचं हेच झालं. सुंदर, पातळ, एका हातात उचलता येईल असा लॅपटॉप, तीन वर्षं आणि काही महिने झालेले, गॅरंटी गेलेली. एक दिवस मध्येच निळी स्क्रीन, मग रोज, मग चालूच होईना. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं रॅममध्ये दोष आहे, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन जोडलेली आहे, बोर्ड बदलावा लागेल, आणि बोर्डाची किंमत ऐकून ताई माझ्याकडे बघायला लागली. त्या किमतीत थोडे अजून टाकले की नवाच येत होता. एक रॅमची चिप हो. माझ्याकडे तीच गोष्ट झाली असती तर कांडी काढायची, दुसरी लावायची, वरून दरवाजा बंद. पाच मिनिटं.

मी कंपन्यांना शिव्या घालायला बसलो नाहीये. सोल्डर करण्यामागे कारणं आहेत आणि ती खरी आहेत. एलपीडीडीआर नावाची जी कमी वीज खाणारी रॅम असते तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसावं लागतं, खाचेतून जाणारा लांब रस्ता तिला चालत नाही, आणि आज बॅटरी दिवसभर पुरते त्यात तिचा पण वाटा आहे. पातळ मशीनला खाचेची उंची पण जड होते. २००८ मध्ये पहिला मॅकबुक एअर आला त्यात रॅम बोर्डावरच होती, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये पण तेच, शिवाय बॅटरी चिकटवलेली, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच तो रस्ता धरला. थिंकपॅडनी पण धरला. २०१८ च्या टी ४८० मध्ये एक बॅटरी आत, एक बाहेर, बाहेरची लॅपटॉप चालू असताना बदला, रॅमच्या दोन खाचा, आणि पुढच्याच वर्षी टी ४९० आला तर बाहेरची बॅटरी गेली आणि अर्धी रॅम बोर्डावर. म्हणून आज सिल्व्हर मॉलमध्ये टी ४८० चांगल्या कंडिशनमध्ये आला तर फार दिवस टिकत नाही, ज्याला माहीत आहे तो सांगूनच ठेवतो.

पण ही गोष्ट इथे संपायला नको होती असं मला वाटतं आणि ती संपली पण नाही. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ पासून असा पातळ लॅपटॉप काढला ज्याचा बोर्डसुद्धा मालकाने घरी बदलायचा. आणि एलपीडीडीआरला काढता-लावता यावं म्हणून एलपीकॅम २ नावाची नवी पट्टी निघाली, स्क्रूने बसते, २०२४ मध्ये एका थिंकपॅडमध्ये ती आली पण. म्हणजे पातळ आणि उघडता येणारं हे दोन्ही एकत्र जमतं.

[जुना पितळी डबा. आत वॉशर, स्प्रिंग, घड्याळाचे काटे.]

हा डबा आजोबांचा. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ च्या डिसेंबरमध्ये मिल बंद पडली तोवर. घरी ते भिंतीवरची घड्याळं उघडायचे, आणि मला शेजारी बसवून एकच काम द्यायचे, स्क्रू कागदावर मांडायचे, जिथून निघाला तिथेच. मला तेव्हा कंटाळा यायचा. पण लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा हेच कामी आलं, कारण स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू छोट्या भोकात आवळला तर तो पार बोर्डात जातो आणि मग खरंच सगळं संपतं. थिंकपॅडचं एक चांगलं, की उघडायचं पूर्ण पुस्तक, हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल, कंपनी स्वतः फुकट देते, कुठला स्क्रू कुठला, आधी काय काढायचं, मग काय, सगळं चित्रांसकट. आयबीएमच्या काळापासूनची सवय आहे ती. थिंकपॅड १९९२ चा, आयबीएमचा, त्याचा तो काळा डब्यासारखा आकार रिचर्ड सॅपर या डिझायनरचा, २००५ मध्ये आयबीएमने हा धंदा लेनोव्होला विकला आणि पुस्तकं तरी चालू राहिली.

जे पुस्तकात नसतं त्यासाठी दुकानवाले काका. गाळा एवढा लहान की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं. चिप लेव्हलचं काम करतात, म्हणजे बोर्ड न बदलता त्यावरचे बारीक भाग बदलतात. मी एकदा दुपारभर तिथे उभा राहून बघितलं. एक मशीन आलेलं, बिलकूल डेड, लाइट पण नाही. त्यांनी मल्टिमीटर लावला, म्हणाले "शॉर्ट है." मग बोर्डाला बाहेरून एक व्होल्टच्या आसपास वीज दिली आणि ब्रशने त्यावर पटकन उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवलं आणि नुसते बघत बसले. मी विचारलं काय बघताय. बोलले नाहीत. मग दिसलं, सगळा बोर्ड ओला आणि एका जागी, मोहरीच्या दाण्याएवढ्या कपॅसिटरवर, ओल पटकन उडाली. तोच गरम होत होता, तोच शॉर्ट. हॉट एअरने काढला, पार्टसाठी ठेवलेल्या जुन्या बोर्डावरून तसाच दुसरा काढून लावला, बटण दाबलं, फॅन फिरला. "भिया, बोर्ड तो अच्छा ही था." एवढंच.

त्या मशीनच्या मालकाला आधी दुसरीकडे बोर्ड बदला असं सांगितलेलं होतं.

काकांची एक तक्रार आहे आणि मला ती अगदी पटते. बोर्डाचा नकाशा, म्हणजे कुठली लाइन कुठून कुठे जाते, तो कंपन्या बाहेर देत नाहीत. कारागीर तो इकडून तिकडून मिळवतात, जुन्या ओळखीवर चालतं. आपल्याकडे सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका जागी द्यावी म्हणून, चांगलीच गोष्ट आहे, पण काकांना हवाय तो नकाशा. तो मिळाला तर अर्धी मशीनं उभी राहतील म्हणतात, आणि ते उगीच बोलणारे नाहीत.

मग आलं १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, माझा तिसऱ्या पिढीचा. म्हणजे मशीन ठणठणीत, आणि कागदोपत्री बाद. त्या महिन्यात सिल्व्हर मॉलमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी हेच होतं. मी आधीच विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकलेली होती, आईला फायरफॉक्स, मराठी टायपिंग आणि प्रिंटर एवढंच लागतं, पहिले दोन दिवस "ते बटण कुठे गेलं" झालं, मग काही नाही. पण ज्यांचा टॅली आणि सीएचं काम आहे त्यांना मी मिंट घ्या असं नाही सांगणार, त्यांनी टी ४८० च्या पिढीचं बघावं, प्रोसेसर आठव्या पिढीचा असला तर ते ११ वर चालतं.

जुन्याच्या अडचणी पण सांगतो, नाहीतर हा व्हिडिओ अर्धवट. वजन दोन किलोच्या वर, खांद्याला कळतं. स्क्रीन फिकट आहे, बाजूने बघितलं तर रंग बदलतात, फोटोचं काम करणाऱ्याने घेऊच नये. नव्या पद्धतीचे व्हिडिओ, व्हीपी ९ आणि एचईव्हीसी, हे उलगडायचं सर्किट या प्रोसेसरमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर, फॅन ओरडतो, फोरके तर सोडाच. काही जुन्या मशीनांच्या बायॉसमध्ये वायफाय कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं लावलं की मशीन चालूच होत नाही, आणि काही बाहेरच्या कंपनीची बॅटरी चार्ज करायला नकार देतात. तेव्हा घ्यायच्या आधी विचारून घ्या.

[सकाळ. रस्त्यावर कचऱ्याची गाडी, बाजूचे वेगवेगळे डबे.]

आमच्या शहराने कचरा वेगळा करायला शिकून बरीच वर्षं झाली, २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर, गाडीत सहा प्रकार, त्यात ई-कचऱ्याचा डबा वेगळा. मला याचा खरंच अभिमान आहे. ताईचा लॅपटॉप मी त्या डब्यापाशी नेला होता. पण हातातून सुटेना. कारण वेगळा करणं ही एक गोष्ट आणि पुढे त्याचं नीट काही होणं ही दुसरी, २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२ टक्के आणि थोडा वर एवढाच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. शिवाय लॅपटॉपच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं, आपण घरी वीज वापरतो ते त्यामानाने कमी. मी तो परत घरी आणला आणि काकांना दिला. त्यांनी स्क्रीन काढून दुसऱ्या कुणाच्या तरी तशाच मशीनला लावली, भंवरकुआंला पीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीचं मशीन होतं, तिची स्क्रीन फुटलेली. बाकीचा सांगाडा त्यांच्याकडे वर फळीवर आहे.

आता बरणीचं.

बिजागरी ढिली झालीये, नवी मिळत नाही या मॉडेलची, म्हणजे नेटवर मिळते पण ती कशी निघेल भरवसा नाही. परवा काकांना फोन केला, म्हटलं टी ४३० पार्टमध्ये आलाय का कुठला. म्हणाले आलाय, बोर्ड गेलेला, बाकी बरा आहे, रविवारी ये. मग विचारलं, "लेफ्ट का चाहिए या राइट का?"

मी बघितलंच नव्हतं. फोन तसाच चालू ठेवून बरणी बाजूला केली, स्क्रीन हलवून बघितली.

डावीकडची.