कमलम्, किवी आणि फसलेली शिकरण

श्रोतेहो, नमस्कार.

परवा खंडेराव मार्केटात एक आजी फळवाल्याशी हुज्जत घालत होत्या. "अरे, हे निवडुंगाचं बोंड, आणि एवढे पैसे?" आजी अगदी बरोबर होत्या. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्याच कुळातलं. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. फूल रात्री उमलतं, ऊन चढलं की कोमेजतं. आता ते आपल्या कच्छातही पिकतं, आणि २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारने त्याचं नाव 'कमलम्' ठेवलं.

आत पांढरा नाहीतर लालभडक गर, त्यात सब्जासारखे काळे दाणे. चव? खरं सांगू, बेताचीच. पण पाणी भरपूर, चोथा चांगला, साखर माफक. लाल गराचं खाल्लंत तर दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसेल. घाबरून डॉक्टरांकडे धावू नका. बिटाचं होतं तसंच, त्याच जातीचा रंग.

'सी' जीवनसत्त्व हवं असेल तर मात्र किवी घ्या. शंभर ग्रॅमला नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त, हे फळवाला सांगत नाही. आणि पेरू तरी कुठला इथला? तोही अमेरिकेहून पोर्तुगीजांबरोबर आला. शाळेबाहेर पुड्यांत मिळणारी गोरसआमली, म्हणजे आपली विलायती चिंच, तीही तिकडचीच. नावातच 'विलायती' आहे, तरी तिला परदेशी म्हणायचं कुणाच्या मनात येत नाही.

किवीने माझी एकदा चांगलीच फजिती केली. पाहुणे यायचे होते. केळी संपलेली, म्हणून दुधात किवी कुस्करून शिकरण केली आणि फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने वाढली, तर पहिल्याच घासाला सगळ्यांची तोंडं वाकडी! कडूजहर. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं पाचक द्रव्य असतं, ते दुधातली प्रथिनं फोडतं. फोडी आधी जरा शिजवून घेतल्या असत्या तर त्याचा जोर गेला असता.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. कापली की चांदणीसारखी दिसणारी कमरख, म्हणजे करंबळ, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तोंडातही घालू नये. त्यातलं विष अशा शरीरातून बाहेर पडत नाही. थांबता न येणारी उचकी, गोंधळलेपणा, झटके, इथवर मजल जाते. घरात कुणाचं डायलिसिस चालू असेल तर ताटातली चांदणी आधी उचला.