मुंबईची ३९ मिनिटं

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘नकाशावरच्या रेषा कशा वाचाव्यात’. वाचू, वाचू. पण आधी मुंबईचं भांडण सांगतो. ते ऐकल्याशिवाय रेखांश कुणाच्या गळी उतरत नाही.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे अंशाला ४ मिनिटं. मुंबई लंडनमधल्या ग्रिनिचपासून साधारण ७२ अंश ५० मिनिटं पूर्वेला (ही मिनिटं घड्याळाची नव्हेत, अंशाचे साठावे भाग), म्हणून तिथली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. शहराची घड्याळं तशीच लावलेली. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर, म्हणजे आणखी अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी ती मद्रासची वेळ मुंबईच्या गळ्यात बांधायचा प्रयत्न केला. हो, पुण्यातल्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. (हसलात, म्हणजे पुणेकर बरेच आलेत.) लोकांनी दाद दिली नाही.

मग १९०६ साली ८२ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त धरून प्रमाणवेळ आली. फरक ९ अंश ४० मिनिटांचा. चारानं गुणा, झाली ३९ मिनिटं. गिरणी कामगार बिथरले. का नाही बिथरणार? सूर्य जागचा हलला नाही आणि पाळी ३९ मिनिटं अलीकडे आली! शहरात मुंबई टाइम टिकला तो १९५५ पर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षं एका गावात दोन वेळा. ‘सहाला या’ म्हटलं की ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ आलंच. जुन्या लग्नपत्रिका काढून बघा, मुहूर्तापुढे ‘स्टँ. टा.’ असतं. आता विचाराल, चूक कुणाची? मी म्हणतो, आकाशाच्या हिशेबानं मुंबईच बरोबर होती. फक्त त्या हिशेबानं देशाचं वेळापत्रक छापता येत नाही.

माझा मुद्दा एवढाच: अक्षांशाचं शून्य निसर्गानं दिलंय, रेखांशाचं माणसांनी ठरवलंय. विषुववृत्त मतदानानं हलत नाही. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंश वर दिसतो, तोच पुण्याचा अक्षांश. रेखांशाचं शून्य मात्र आपल्या जुन्या गणितात उज्जैनवरून जायचं. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ते ग्रिनिचला गेलं. फ्रान्स तटस्थ राहिला, रुसून म्हणा हवं तर.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. स्टँडर्डच आहे ना? बरं, पाच मिनिटांत रेषा.

आडवी अक्षवृत्तं एकमेकांना समांतर. एक अंश म्हणजे कुठंही साधारण १११ किलोमीटर. उभी रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर त्यांच्यातही अंशाला १११ किलोमीटर, मुंबईच्या अक्षांशावर १०५, ध्रुवावर शून्य. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर नुसते अंश मोजून काढू नका. स्थान सांगताना आधी अक्षांश, मग रेखांश. आणि अंशात मिनिटं ६० असतात, १०० नव्हेत. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटं, म्हणजे दशांशात १८.५२. फोनमध्ये १८.३१ टाकलंत तर तेवीसेक किलोमीटर दक्षिणेला, खेड शिवापूरच्या आसपास पोचाल. टोल वेगळा.