तिसरी गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

मी सात-आठ वर्षांची असताना मला हिवताप झाला होता. आम्ही तेव्हा कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत राहायचो. दवाखान्यातून गोळ्या आल्या, कडू जहर. आणि त्याच संध्याकाळी आज्जी कुठूनसा मंतरलेला काळा दोरा घेऊन आली. सात गाठींचा. दंडाला बांधताना म्हणाली, "आपसूक सुटली तर सुटू दे, पर आपल्या हातानं सोडायची न्हाई. सोडलीस तर ताप म्हागारी यील." आठवड्याभरात मी हिंडू-फिरू लागले. गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. दोरा कुणाकडनं आणला, हे विचारायला मात्र गल्लीतल्या बायका दाराशी येऊ लागल्या.

गाठीची जादू हा आजचा विषय. मला त्यात सगळ्यात गंमत वाटते ती वारा विकणाऱ्यांची. काळ शिडाच्या जहाजांचा, मुलूख फिनलंड-लॅपलंडकडचा. वारा पडला की खलाशी बंदरात बसून राहायचे. मग किनाऱ्यावरच्या चेटक्यांकडून वारा विकत घ्यायचे. ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूनं 1555 साली छापलेल्या ग्रंथात हे लिहून ठेवलंय. खलाशाला तीन गाठी मारलेली वादी मिळायची. पहिली गाठ सोडली की मंद वारा, दुसरी सोडली की जोराचा. तिसरी सोडली की वादळ. तिला हात लावायचा नाही.

आता यातला धंदा बघा. जहाज कितीही अडकलं तरी वारा कधी ना कधी सुटणारच. गाठ सोडून दोन दिवसांनी सुटला तरी तो गाठीचाच. नाहीच सुटला, तर दुसरी गाठ आहे. आणि वादळ आलंच, तर तुमच्यातल्याच कुणीतरी तिसरीला हात लावला असणार! विकणारा कुठंच खोटा पडत नाही. आपल्या गुळाच्या सौद्यातसुद्धा इतका बिनघोर व्यवहार कुणी केला नसेल. सगळी ताकद त्या तिसऱ्या गाठीत, जी सोडून बघायची मुभाच नाही. आज्जीच्या दोऱ्यालाही तीच अट होती.

गाठ वाईटासाठीही मारत. जुन्या फ्रान्समध्ये नवरदेवाला धास्ती असायची, की लग्न लागताना कुणीतरी गुपचूप नाडीला गाठ मारेल आणि आपलं पुरुषपण बांधलं जाईल. पहिल्या रात्री फजिती झालीच, तर कारणही तयार आणि दोष द्यायला शेजारीही तयार. रोमन बायका बाळंतपणाच्या देवीला, जुनो लुसिनाला, साकडं घालताना केस मोकळे सोडत, अंगावर गाठ ठेवत नसत. बाहेर गाठ राहिली तर आत बाळ अडेल, हा हिशेब. कुराणातल्या 113व्या सूऱ्यात तर गाठींवर फुंकर घालणाऱ्यांच्या उपद्रवापासून रक्षण मागितलंय. म्हणजे ही भीती किती जुनी आहे बघा.

1878 साली इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, वेलिंग्टन गावात, एका जुन्या घराच्या माळ्यावर पिसं खोचलेली एक दोरी सापडली. बरोबर केरसुण्याही होत्या. कामगार म्हणाले, ही चेटकिणीची शिडी. पुढं टायलर नावाच्या नामांकित मानववंशशास्त्रज्ञांनी ती विद्वानांच्या सभेत दाखवली, तेव्हा श्रोत्यांतले दोघं उठून म्हणाले, अहो, ही तर हरणं हुसकायची दोरी! आपल्याकडं जोंधळ्यात पाखरं राखायला दोऱ्या बांधतात, तशातली. ती दोरी आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे, आणि लोक बघतात ते चेटकिणीची शिडी म्हणूनच. हरणांची दोरी बघायला कोण तिकडं जाईल? हल्ली विक्का नावाच्या, जादूटोणा मानणाऱ्या नव्या पंथातले लोक दोरीला नऊ गाठी मारतात, दर गाठीला एक यमक म्हणतात. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आपल्याकडं काय कमी गाठी आहेत? अनंत चतुर्दशीचा दोरा चौदा गाठींचा. लग्नात उपरण्याची आणि शालूची गाठ. शाहू महाराजांच्या दरबारात गवई अल्लादिया खाँसाहेब होते, त्यामुळं गंडाबंधन म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. गुरूनं शिष्याच्या मनगटाला दोरा बांधला की दोघंही अडकले: एकानं शिकवायचं, दुसऱ्यानं शिकायचं. ही गाठ चारचौघांत मारतात. अनंताचा जुना दोरा दर वर्षी काढतात, नवा बांधतात, आणि काढताना कुणी घाबरत नाही.

घाबरवणारी गाठ वेगळी. ती अंधारात मारलेली असते, निदान तसं सांगणारा कुणीतरी भेटतो. तुमच्यावर करणी केलीय, अमक्याच्या उंबऱ्याखाली केस बांधून पुरलेत, सोडवायला इतके लागतील. मारली कुणी हे कुणी बघितलेलं नसतं, सोडवणाऱ्याचा दर मात्र ठरलेला. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एक कलम अगदी शेतशिवारातलं आहे: साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडं जाऊ न देता गंडेदोरे करत बसणं हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दोरा बांधण्याला शिक्षा नाही, दवाखान्याची वाट अडवण्याला आहे. आज्जी या कायद्यातून सुटली असती. तिनं दोरा बांधला, पण गोळी चुकू दिली नाही. नाक दाबून भरवली.

त्या दोऱ्याचं पुढं काय झालं, ते राहिलंच. बरी झाल्यावर एका रात्री पांघरुणात मी त्याच्या गाठी सोडल्या. सहा सुटल्या. सातवी निरगाठ होती, दातानं सोडवली. मग कपाळाला हात लावून ताप यायची वाट बघत पडले. पहाटे आज्जी पाणी तापवायला उठली, तिच्यापुढं दोरा धरला आणि रडायला लागले. तिनं दोरा बघितला, माझं कपाळ बघितलं आणि दोरा चुलीत टाकला.

"जळालं," म्हणाली. "ऊठ आता, अंघोळ कर. शाळा हाय न्हवं?"