लायसोसोममधला प्रवाह मोजतात तरी कसा?

नमस्कार मंडळी. माझ्या हातातली ही काचेची बारीक नळी बघा. तापवून ओढली की हिचं टोक जेमतेम १ मायक्रॉनचं होतं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली असंच टोक पेशीच्या पटलाला चिकटवून एकेका आयन चॅनेलचा, म्हणजे विद्युतभारित कणांना (आयनांना) पटलातून जाऊ देणाऱ्या प्रथिनाच्या छिद्राचा, प्रवाह मोजून दाखवला. हाच पॅच क्लॅम्प. १९९१ चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं.

पण लायसोसोम, म्हणजे पुस्तकातली लयकारिका, पेशीतला कचरा पचवणारी पिशवी, पेशीच्या आत असते आणि बहुतेकदा १ मायक्रॉनपेक्षा लहान. पिपेटचं, म्हणजे आपल्या या काचेच्या नळीचं, तोंडच तिच्याएवढं. मग चिकटवायचं कुठे?

तर आधी ती फुगवायची. पेशींना व्हॅक्युओलिन-१ किंवा एपिलिमॉड हे रसायन दिलं की काही लायसोसोम ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत फुगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघत पिपेटचं टोक पेशीच्या कडेला दाबायचं आणि झटक्यात मागे घ्यायचं. पटल फाटतं. त्या फटीतून तो फुगा हळूच बाहेर ढकलायचा. आता दुसरी, कोरी पिपेट घ्यायची. तिचं टोक फुग्याला टेकवून अगदी हलकं शोषायचं, म्हणजे काच आणि पटल घट्ट चिकटतात. शेवटी विजेचा क्षणिक झटका दिला की टोकाखालचा पटलाचा तुकडा फुटतो आणि पिपेट थेट लायसोसोमच्या पोटात उघडते. हाताचं कसब लागतं हो याला, यंत्राचं नाही.

इथे आत-बाहेर उलटं होतं, ते नीट बघा. पेशीवर असं केलं तर पिपेटमधलं द्रावण पेशीद्रव्याची जागा घेतं. इथे ते लायसोसोमचं पोट बनतं, म्हणून आम्लधर्मी भरतात, सामू साधारण ४.६. आणि बशीतलं द्रावण झालं पेशीद्रव्य! त्यात हवं ते घाला, नको ते काढा. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

मात्र फुगवण्याची किंमत आहे. एपिलिमॉड पिकफाइव्ह नावाचं विकर अडवतं. हे विकर जो खास मेद बनवतं, त्याच्यामुळेच लायसोसोमच्या पटलावरचं टीआरपीएमएल-१ हे चॅनेल उघडतं. म्हणजे पिशवी मोठी झाली, पण किल्ली गेली. म्हणून मोजताना तो मेद बशीत वरून घालावा लागतो. याच चॅनेलच्या जनुकात बिघाड झाला तर मुलांना म्युकोलिपिडोसिस प्रकार ४ हा आनुवंशिक आजार होतो. लायसोसोमचा प्रवाह मोजलेला शोधनिबंध हातात आला, तर लायसोसोम कशाने फुगवले ते आधी बघा, असं मी आवर्जून सांगेन.

ट्रान्सपोर्टरचं, म्हणजे पटलातून एकेक रेणू उचलून पलीकडे नेणाऱ्या प्रथिनाचं, दुखणं वेगळं. चॅनेलमधून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात. ट्रान्सपोर्टर त्या मानाने फारच संथ, त्यामुळे प्रवाह हाती लागणं कठीण. सिस्टिनोसिनचं उदाहरण घ्या. हे प्रथिन सिस्टिन नावाचं अमिनो आम्ल लायसोसोममधून बाहेर काढतं. ते बिघडलं की आत सिस्टिनचे स्फटिक साचतात. संशोधकांनी त्याच्या शेपटीवरचा ‘लायसोसोमकडे जा’ हा पत्ता खोडला. प्रथिन गेलं पेशीच्या बाहेरच्या पटलावर. आता पेशीबाहेरचं द्रावण म्हणजेच लायसोसोमचं पोट! ते आम्लधर्मी करायचं, किरणोत्सारी सिस्टिन घालायचं आणि पेशीत किती शिरलं ते मोजायचं. त्यातून कळलं की सिस्टिनबरोबर प्रोटॉनही जातो.

आणि शेवटी टीएमईएम-१७५, लायसोसोमच्या पटलावरचं आणखी एक प्रथिन. २०१५ मध्ये ते लायसोसोमचं पोटॅशियम चॅनेल म्हणून पुढे आलं. पार्किन्सनच्या धोक्याशी त्याच्या जनुकाचं नातं असल्याने सगळ्यांचं लक्ष तिकडे होतं. २०२२ मध्ये आतली बाजू खरोखरीच्या लायसोसोमइतकी आम्लधर्मी ठेवून मोजलं, तेव्हा त्याच चॅनेलमधून प्रोटॉन बाहेर झिरपताना दिसले.